घरपट्टीची फेरआकारणी टाळू नका

प्रति,
नगराध्यक्ष आणि सर्व सदस्य,
नंदुरबार, शहादा, नवापूर आणि तळोदा नगरपरिषद

सन्माननीय महोदय, महोदया,

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि लांबलेल्या प्रशासकीय राजवटीनंतर शहरांचा कारभार पुन्हा लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहांकडे आला. छोट्या शहरातल्या कोणत्याही निवडणुकीत दोन आश्वासने हमखास दिली जातात. रस्ते, गटारी, पाणी सुधारू हे एक, आणि घरपट्टी वाढू देणार नाही हे दुसरे. पहिले पाळता यावे म्हणून दुसऱ्याचा फेरविचार करा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. घरपट्टी वाटेल तशी वाढवा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मालमत्तांची फेरआकारणी कायद्याने सांगितलेल्या वेळी, सर्वांदेखत आणि सर्वांना एकाच मापाने करा, एवढेच मागणे आहे. ती न करण्याची किंमत घरपट्टीच्या बिलापेक्षा पुष्कळ मोठी असते, आणि आपल्या जिल्ह्यासारख्या मागे पडलेल्या भागाला ती जास्त सोसावी लागते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, राज्यातल्या नगरपरिषदांची जकात बंद झाली. जकातीचे दोष सर्वांना ठाऊक होते. नाक्यावरचा खोळंबा, चिरीमिरी, व्यापाऱ्यांना होणारा जाच. ती गेली ते बरेच झाले. पण तिच्यात एक गुण होता आणि तोही तिच्याबरोबर गेला. शहरात माल आला की पालिकेच्या तिजोरीत भर पडे. बाजार तेजीत असला की त्याच वर्षी पालिकेचे उत्पन्न वाढे, बाजार बसला की सभागृहाला लगेच चटका बसे. जकातीच्या बदल्यात सरकारने साहाय्यक अनुदान सुरू केले. कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्यातून भागतात, पण ते शहराच्या उलाढालीवर ठरत नाही. बाजारात दहा नवी दुकाने निघाली काय किंवा दहा बंद पडली काय, अनुदानाच्या आकड्याला त्याचे सोयरसुतक नसते. तेव्हापासून शहराची भरभराट आणि पालिकेची मिळकत यांना जोडणारा मोठा दुवा एकच उरला, तो मालमत्ता कराचा. आकारणी वर्षानुवर्षे जुन्याच दरांवर गोठवून ठेवली की हा दुवाही तुटतो. मग शहर वाढते आणि पालिका तिथेच राहते. नवी वसाहत म्हणजे पालिकेच्या दृष्टीने नवे उत्पन्न राहत नाही, फक्त नवी गटार आणि नवी जलवाहिनी राहते. अशा पालिकेचे लक्ष आपल्या बाजारपेठेवरून उडून मंत्रालयाकडे लागते, यात नवल नाही. तिथून निधी आणणारा तो कर्तबगार ठरतो, आणि बाजारपेठ नीट चालावी म्हणून झटणाऱ्याच्या पदरी ताळेबंदात दाखवता येईल असे काही पडत नाही.

नंदुरबारच्या मिरचीचे उदाहरण घ्या. देशातल्या मोठ्या मिरची बाजारांत या शहराची गणना होते. हंगामात ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती खरेदी करतात आणि शहरालगतच्या मोकळ्या जागांवरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. तिथे शेकडो मजूर, त्यातही बायका जास्त, दिवसभर बसून मिरची पसरतात, उलटतात, निवडतात, देठ काढतात. हाताची आणि डोळ्यांची आग होते, नाकातोंडात खाट बसते. अवकाळी पावसाची एक सर आली की पसरलेला माल भिजून काळा पडतो आणि व्यापाऱ्याचे भांडवल व मजुरांची पुढच्या दिवसांची मजुरी एकदमच जाते. या व्यवसायाला पालिकेकडून जे हवे आहे ते फार मोठे नाही. पथाऱ्यांपर्यंत पावसात न खचणारा रस्ता, पाणी निघून जाईल असे चर, दिवे, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. पथारी हद्दीबाहेर असेल तर लगतच्या ग्रामपंचायतीला आणि बाजार समितीला बरोबर घेऊनही हे करता येते. पण बाजार फी बाजार समितीकडे जाते, वस्तू व सेवा कर राज्याकडे आणि केंद्राकडे जातो. पालिकेच्या वाट्याला या उलाढालीतून काही यायचे तर ते गोदामे, गिरण्या, मसाल्याचे कारखाने, दुकाने आणि त्या व्यवसायावर उभ्या राहिलेल्या घरांच्या आकारणीतूनच येऊ शकते. तीच जुनी असेल तर मिरचीचा हंगाम पालिकेला धूळ, वाहतूक आणि कचरा एवढेच देऊन जातो.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार इमारतीला वर्षाला किती भाडे येऊ शकेल ते ठरवायचे, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावायचा. दर चार वर्षांतून किमान एकदा आकारणी यादी नव्याने करायची, तीही प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यामार्फत. यादी प्रसिद्ध करायची, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मगच ती कायम करायची. चार वर्षांची ही मुदत सभागृहाच्या मर्जीवर सोडलेली नाही. ती पाळली नाही तर काय होते, ते एका काल्पनिक हिशेबाने दाखवतो. समजा, ५० चौरस मीटरचे एक पक्के घर आहे आणि त्या भागाचा दर महिन्याला चौरस मीटरमागे ८ रुपये धरलेला आहे. वर्षाचे भाडे ४,८०० रुपये, १० टक्के वजा जाता ४,३२० आणि २५ टक्के दराने कर १,०८० रुपये. पुढची बारा वर्षे हा दर तसाच राहिला. मग शेजारी तेवढेच नवे घर झाले आणि त्याची नोंद २० रुपये दराने झाली. त्याला कर लागला २,७०० रुपये. रस्ता एक, गटार एक, नळ एक, आणि कर अडीच पट. ज्याने काल कर्ज काढून घर बांधले तो जास्त भरतो आणि ज्याच्या जागेची किंमत बारा वर्षांत आपोआप वाढली तो कमी. आकारणी गोठवल्याने गरीब वाचतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मन लावून पाहावा. गोठलेल्या आकारणीचा सर्वांत मोठा लाभ भर बाजारपेठेतल्या जुन्या मालमत्तांना मिळतो.

हाच ८ रुपयांचा दर दर चार वर्षांनी ११, १५ आणि २० असा गेला असता तर पहिल्या खेपेला कर १,०८० वरून १,४८५ रुपये झाला असता, म्हणजे महिन्याला ३४ रुपयेही जास्त नाहीत. दुसऱ्या खेपेला २,०२५ आणि तिसऱ्या खेपेला २,७००. एवढी वाढ कुटुंबाला झेपते आणि नगरसेवकाला ती दारात उभे राहून समजावूनही सांगता येते. बारा वर्षांनी एकदम अडीच पट झालेले बिल मात्र कोणालाच समजावून सांगता येत नाही. नाशिक महापालिकेने २०१८ मध्ये हा अनुभव घेतला. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी दीर्घकाळ न बदललेले भाडेमूल्याचे दर एकदम वाढवले, मोकळ्या जमिनींवरचा करही वाढवला. शहरभर विरोध पेटला, प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेले आणि शेवटी दर खाली आणावे लागले. या प्रसंगातून अनेक लोकप्रतिनिधींनी धडा घेतला की घरपट्टीला हात लावू नये. मला तो धडा चुकीचा वाटतो. दर इतकी वर्षे हलवले नव्हते म्हणूनच ते हलवताना एवढा धक्का बसला.

पहिली हरकत गरिबीची येईल, आणि ती खरी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याच्या १६ लाख ४८ हजार लोकसंख्येत ६९ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात आपला जिल्हा सर्वांत खाली होता, आणि २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश केला. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर कामांसाठी गुजरातेत जातात. अशा जिल्ह्यात कर वाढवण्याची भाषा करणे निष्ठुरपणाचे वाटू शकते. पण जिल्ह्यात नागरी लोकसंख्या सुमारे १७ टक्केच आहे आणि जिल्ह्यातली पक्की दुकाने, रुग्णालये, लॉज, मंगल कार्यालये, खासगी शिकवण्या यांचा मोठा भाग त्या शहरांतच आहे. भाडेमूल्याच्या पद्धतीत झोपडीचा, मातीच्या भिंतींच्या किंवा पत्र्याच्या घराचा आणि आतल्या गल्लीचा दर मुळातच कमी धरला जातो. हवे तर अगदी लहान कच्च्या घरांवरचा भार नाममात्र ठेवा, त्याने पालिकेचे फारसे बिघडणार नाही. खरी गळती वेगळ्या ठिकाणी असते. नोंद राहत्या घराची आणि तळमजल्यावर चार गाळे. नोंद एका मजल्याची आणि उभे तीन. नोंद मोकळ्या जागेची आणि तिथे गोदाम. छोट्या शहरातल्या कोणत्याही वर्दळीच्या रस्त्यावर अशा इमारती नजरेस पडतात. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत उपग्रहचित्रांच्या आधारे अंदाज केला होता की बंगळूर आणि जयपूर ही शहरे मालमत्ता करातून मिळू शकणाऱ्या रकमेच्या ५ ते २० टक्केच वसूल करतात. तुलनेने सधन आणि साधनसंपन्न महापालिकांची ही गत असेल, तर मोजक्या कर निरीक्षकांवर चालणाऱ्या नगरपरिषदांनी आपल्या नोंदी तपासून पाहायलाच हव्यात. दर वाढवण्याआधी नोंदी खऱ्या करा. नोंदी खऱ्या झाल्या तर दर फारसा वाढवावाही लागणार नाही.

दुसरी हरकत अशी की मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, मग आमच्याच लोकांनी का भरावा? मुंबई महापालिकेने २०२२ पासून ही सवलत दिली हे खरे. पण त्या महापालिकेला उत्पन्नाची इतर मोठी साधने आहेत आणि हजारो कोटींच्या ठेवी आहेत. नवापूर किंवा तळोद्याच्या नगरपरिषदेकडे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे यांच्यापलीकडे स्वतःचे असे फारसे काही नाही. गाळ्यांच्या भाड्याचा भरवसा किती धरायचा, हे खानदेशातल्या लोकांनी जळगावात पाहिले आहे. २०१२ मध्ये व्यापारी संकुलांच्या गाळ्यांचे करार संपले आणि त्यांच्या भाड्याचा वाद वर्षानुवर्षे चालला. माफी जाहीर करणे सोपे असते, पण त्यामुळे पडलेला खड्डा कशाने भरायचा हेही त्याच सभेत सांगता आले पाहिजे.

याहून वजनदार हरकत अनुदानाची आहे. आदिवासी उपयोजना आहे, नगरोत्थान आहे, वित्त आयोग आहे, मग लोकांच्या खिशात हात कशाला घालायचा, असे आपल्यातले अनेक जण प्रामाणिकपणे मानतात. त्याला माझे उत्तर दोन प्रकारचे आहे. अनुदान मिळण्यासाठीही आता स्वतःची वसुली दाखवावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी शहरांच्या अनुदानाला अटी घातल्या. जमाखर्च लोकांसाठी ऑनलाइन खुला करायचा, मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करायचे, आणि राज्याच्या सकल उत्पन्नाच्या पाच वर्षांच्या सरासरी वाढीच्या प्रमाणात वसुली वाढवून दाखवायची. घरपट्टी गोठवून अनुदान मागायचे हा मार्ग दिल्लीतूनच अरुंद होत चालला आहे. दुसरे असे की अनुदान ठरलेल्या कामासाठीच येते. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना याच आयोगाने दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. ही कामे गरजेची आहेत, तक्रार त्याबद्दल नाही. पण शहरावर अचानक काही आले तर सभागृहाला त्याच संध्याकाळी निर्णय घेऊन खर्च करता येईल असा पैसा फक्त स्वतःच्या उत्पन्नाचा असतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूरच्या पोल्ट्री फार्मांमध्ये नोंदला गेला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये तेच संकट पुन्हा आले. एकाच व्यवसायावर बरेच पोट असलेल्या गावाला असा फटका बसतो, तेव्हा स्वच्छता, निर्जंतुकीकरण आणि रोजगार गेलेल्या मजुरांची तात्पुरती कामे यांसाठी मंजुरीची वाट पाहायला वेळ नसतो.

उद्योग आणायचे तर कर कमी हवेत, असेही कोणी म्हणेल. मागास भागातल्या उद्योगांना राज्य सरकार सवलती देतेच, आणि त्या घरपट्टीच्या मानाने कितीतरी मोठ्या असतात. कारखाना काढणारा माणूस पाणी रोज येते का, वीज टिकते का, ट्रक आत वळतो का, कामगारांची मुले शिकतील कुठे, हे आधी विचारतो. सुरतचे उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचे आहे. नंदुरबारचा माल, रुग्ण आणि मजूर तापी खोऱ्यातल्या रेल्वेने तिकडेच जातात. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक ते शहर सोडून पळाले होते. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि रोजची झाडलोट, कचरा उचलणे, अतिक्रमणे, कामचुकारपणा यांवर त्यांनी दोन वर्षे कठोरपणे काम केले. शहराचे रूप पालटले आणि व्यापाऱ्यांचा विश्वास परत आला. सुरतने धंदा राखला तो शहर राहण्याजोगे करून. त्याला रोजचा पैसा लागतो, आणि तो रोजचा पैसा एकदाच मिळणाऱ्या विशेष निधीतून कधीच उभा राहत नाही.

राहिली ती सर्वांत खरी हरकत. लोक म्हणतात, पैसे देऊ, पण ते जातात कुठे ते कळत नाही. या हरकतीला शब्दांनी उत्तर देता येत नाही, ते कारभारानेच द्यावे लागेल. घरपट्टीच्या बिलावरची सगळी रक्कम पालिकेची नसते. शिक्षण कर आणि अनिवासी मालमत्तांवरचा रोजगार हमी कर पालिका गोळा करते, पण ते राज्याचे असतात. बिलावर हे ठळकपणे वेगळे छापा. फेरआकारणीची यादी कचेरीच्या फळ्यावर एक प्रत डकवून प्रसिद्ध झाली असे मानू नका. प्रत्येक प्रभागात शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर ती लावा, म्हणजे शेजाऱ्याला शेजाऱ्याची नोंद दिसेल. चुकीच्या नोंदी शोधण्याचे काम शेजाऱ्याइतके स्वस्तात आणि अचूक कोणी करत नाही. मोजणी खासगी संस्थेकडे दिली तर मृत मालकांची नावे, दुप्पट लागलेले क्षेत्रफळ, रिकाम्या घराला भाडेकरू दाखवणे असे घोळ होतात. म्हणून सुनावणी प्रभागात जाऊन आणि संध्याकाळी घ्या. मजुरी बुडवून पालिकेत खेटे घालायला लागू नयेत. आकारणी यादीतली नोंद म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हेही तिथे सांगा. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे, आदिवासींच्या जमिनींचे व्यवहार नाजूक असतात, आणि घरपट्टीच्या पावतीच्या जोरावर कोणी कोणाची जागा बळकावू नये.

थकबाकीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. महिन्याला दोन टक्के शास्ती म्हणजे वर्षाला २४ टक्के. ती अडचणीतल्या माणसाला बुडवते. मग ती माफ करायला अभय योजना येते, तेव्हा वेळेवर भरणारा खुळा ठरतो. फिरून फिरून अभय देण्यापेक्षा खऱ्या अडचणीतल्यांना हप्ते बांधून द्या आणि ऐपत असून न भरणाऱ्यांची नावे सर्वसाधारण सभेत वाचा, मग ती कोणत्याही पक्षाची असोत. सभागृहातल्या सदस्यांची स्वतःची घरपट्टी भरलेली आहे, हे पहिल्याच सभेत जाहीर झाले तर अर्ध्या शंका तिथेच मिटतील.

एक काम तर एका नागरिकाचाही कर न वाढवता करता येईल. केंद्र सरकारच्या मालमत्तांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे मालमत्ता कर लागत नाही, पण सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये झालेल्या निर्णयाप्रमाणे पालिका जेवढ्या सेवा देते त्या प्रमाणात त्यांनी सेवाशुल्क द्यायचे आहे. ते कराच्या ७५, ५० किंवा ३३ आणि एक तृतीयांश टक्के इतके असते. नंदुरबार आणि नवापूर ही रेल्वेची गावे आहेत. टपाल, दूरसंचार आणि इतर केंद्रीय कार्यालयेही आहेत. त्या इमारतींची आकारणी करून शुल्काची मागणी गेली आहे का, किती वसूल झाले, हे मुख्याधिकाऱ्यांना विचारा आणि उत्तर नागरिकांना सांगा. मोठ्यांकडचे येणे आधी मागितले, हे लोकांना दिसले पाहिजे.

आपल्याला पाच वर्षे मिळाली आहेत, म्हणजे एक पूर्ण फेरआकारणी या काळात येतेच. ती चौथ्या-पाचव्या वर्षी, पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर नेऊन ठेवली तर ती होणार नाही, हे आपणही जाणता. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव करा. शेवटची आकारणी यादी कोणत्या वर्षाची आहे आणि पुढची केव्हा होणार हे जाहीर करणारा, वाढीला प्रत्येक खेपेची कमाल मर्यादा घालणारा, आणि वाढीव उत्पन्नातला ठरावीक हिस्सा बाजारपेठेच्या व पथाऱ्या, पोल्ट्री, आठवडे बाजार यांसारख्या कष्टाच्या जागांच्या सोयींसाठी राखून ठेवणारा. विरोध होईल, तेव्हा हा हिशेब घेऊन प्रभागात या. पटला तर लोक भरतील, आणि आपल्या बाजूने बोलायला आमच्यासारखे नागरिक उभे राहतील.

आपला,
एक करदाता नागरिक